न धावताही संपणारे आयुष्य : स्पोर्ट्स कारच्या टायरचा इतिहास

१/ आलिशान स्पोर्ट्स कारचा टायर किती टिकतो? प्रश्न गॅरेजमधला वाटतो. परंतु त्याच्या उत्तरामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. टायरचे आयुष्य तीन मापांनी मोजावे लागते : अंतर, वेग आणि काळ. पहिल्यावर माणसाने बराच विजय मिळवला, दुसऱ्याशी तडजोड केली. तिसऱ्याचा मात्र त्याला वारंवार विसर पडतो. #थ्रेड

२/ कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना आढळले की, गंधक मिसळून तापवल्यास रबर दोन्ही ऋतूंत लवचीक राहते. या व्हल्कनायझेशनखेरीज टायर ही वस्तूच संभवली नसती.

३/ स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये हवेच्या चाकाचे पेटंट घेतले. रबरी नळीवर चामड्याचे आवरण असलेल्या त्यांच्या चाकांचा एक संच घोडागाडीवर १,२०० मैल, म्हणजे सुमारे १,९३० किलोमीटर चालला. पुढे हा शोध विस्मरणात गेला. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो जणू नव्याने लावला.

४/ मोटारीची परीक्षा १८९५ मध्ये झाली. पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत आंद्रे आणि एदुआर या मिशलाँ बंधूंनी हवेचे टायर लावलेली मोटार उतरवली. वाटेत पुन्हा पुन्हा पंक्चर झाले, वेळेची मर्यादा उलटली; तरीही गाडी परतली. विजेता गाठण्याइतके ते टायर टिकाऊ नव्हते, पण मोटार हवेवर धावू शकते हे सिद्ध झाले.

५/ पुढे दोन सुधारणांनी अंतराचा प्रश्न बराच सोडवला. आरंभीचे टायर फिकट रंगाचे असत. १९१० च्या दशकात रबरात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळण्याची पद्धत रूढ होऊ लागली. टायर काळे झाले आणि त्यांची झीज पुष्कळ मंदावली. १९४६ मध्ये मिशलाँने रेडियल टायरचे पेटंट घेतले; त्याची रचना कमी तापणारी आणि अधिक टिकणारी होती.

६/ मग महागड्या गाडीचे टायर लवकर का झिजतात? कारण तेथे टिकाऊपणाचा जाणीवपूर्वक त्याग केलेला असतो. १९७० च्या दशकात पोर्शे ९११ टर्बोसारख्या गाड्यांसाठी पिरेलीचा रुंद, बुटका पी-७ आला आणि ही घडण रूढ झाली. रबर जितके मऊ, तितकी रस्त्यावरील पकड घट्ट आणि झीज अधिक. त्यात प्रचंड ताकद मागच्या चाकांवर येते. त्यामुळे कौटुंबिक मोटारीचा टायर ४०-५० हजार किलोमीटर सहज चालत असताना येथे मागची जोडी अनेकदा १५-२० हजारांच्या आतच बदलावी लागते.

७/ वेगाचे टोक २००५ च्या बुगाटी व्हेरॉनने दाखवले. ताशी ४०७ किलोमीटरच्या या गाडीसाठी मिशलाँने खास टायर घडवले. तेव्हा प्रसिद्ध झालेला हिशेब असा : कमाल वेगात टायर सुमारे १५ मिनिटे टिकतील, पण काळजी नको, इंधन १२ मिनिटांतच संपेल!

८/ आता तिसरे माप. हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन रबराला हळूहळू कडक व भेगाळ करतात. त्यापासून बचावासाठी रबरात संरक्षक रसायने व मेण घातलेले असते. गाडी धावली, टायर दबला-फुगला, की ते पृष्ठभागावर येते. गाडी उभीच राहिली तर हे संरक्षण क्षीण होते. हौशी मालकाची गाडी वर्षाकाठी थोडीच धावते. नक्षी नव्यासारखी दिसते आणि पकड मात्र ओसरलेली असते.

९/ ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात पोर्शे करेरा जीटी या गाडीला अपघात झाला. चालक रॉजर रोडास आणि शेजारी बसलेले अभिनेते पॉल वॉकर, दोघेही मृत्युमुखी पडले. तपासात अतिवेग हे कारण ठरले. ताशी ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी १३० ते १५० च्या वेगात होती. परंतु अहवालाने आणखी एक बाब नोंदवली : टायर नऊ वर्षांचे जुने होते आणि त्यामुळे गाडीवरील ताबा कमी झाला असावा.

१०/ हे वय लपलेले नसते. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३६१९ म्हणजे २०१९ चा ३६ वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी, आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहाव्या वर्षी निरोप, असा मिशलाँचा सल्ला आहे.

११/ थॉमसन यांच्या घोडागाडीपासून व्हेरॉनपर्यंत टायरच्या इतिहासात मोजले गेले ते किलोमीटर आणि वेग. जुनी गाडी विकत घेताना मीटरवरचा कमी आकडा पाहून आपणही हरखतो. त्या आनंदात खाली वाकून हे चार आकडे जरूर वाचावेत. साध्या हॅचबॅकवरही ते असतात.

(समाप्त)