सी भाषेतील प्रोग्राम आणि कमांड लाइनवरील पर्याय : एका संकेताचा ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

कमांड लाइनवर आज्ञेसोबत दिलेले पर्याय ओळखणे हे सी भाषेतील प्रोग्रामचे अगदी प्राथमिक काम होय. मात्र हे काम कसे करावे याचा नियम सी भाषेने कधीही घालून दिला नाही. प्रस्तुत शोधनिबंधात युनिक्सच्या प्रारंभापासून ‘गेटऑप्ट’ या फंक्शनच्या प्रसारापर्यंत आणि त्यापुढील काळात या संकेताची जडणघडण कशी झाली, याचा मागोवा घेतला आहे. हा संकेत मानकाच्या आदेशाने रुजला नसून मोफत वाटल्या गेलेल्या एका छोट्या फंक्शनमुळे रुजला, तसेच आज्ञा आणि सामग्री यांतील भेद त्यात नोंदलाच न गेल्याने त्याची किंमत पुढे सुरक्षेच्या क्षेत्रात मोजावी लागली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : सी भाषा, युनिक्स, कमांड लाइन, गेटऑप्ट, पॉझिक्स, संगणक सुरक्षा.

1. प्रस्तावना

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात सी भाषा शिकविताना ‘मेन’ या फंक्शनच्या कंसातील ‘आर्गसी’ आणि ‘आर्गव्ही’ ही दोन नावे बहुधा धावतीच सांगितली जातात. पहिले नाव शब्दांची संख्या सांगते, तर दुसरे त्या शब्दांची यादी पुरविते. इतक्यावर विषय संपतो. वस्तुतः या दोन नावांमागे अर्धशतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे.

संगणकशास्त्राबाहेरील अभ्यासकांसाठी एक साधे उदाहरण घेता येईल. ‘एलएस -एल अहवाल’ अशी ओळ टंकित केली असता ‘एलएस’ ही यादी दाखविणारी आज्ञा, ‘-एल’ हा सविस्तर यादी मागणारा पर्याय आणि ‘अहवाल’ हे फाइलचे किंवा डिरेक्टरीचे नाव, असा अर्थ मनुष्य लावतो. परंतु शेल ही ओळ शब्दाशब्दांत तोडून प्रोग्रामच्या हाती देते, तेव्हा तिन्ही शब्द केवळ अक्षरमालिका असतात. यांपैकी पर्याय कोणता आणि नाव कोणते, याची कोणतीही खूण त्यांच्यासोबत जात नाही. शब्दाच्या आरंभी संयोगचिन्ह आहे काय, एवढेच पाहून प्रोग्रामला निर्णय करावा लागतो. प्रस्तुत अभ्यासाचा केंद्रबिंदू हाच आहे.

2. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

(अ) पर्याय ओळखण्याच्या संकेताचा उगम व विकास पाहणे. (आ) ‘गेटऑप्ट’च्या प्रसाराची कारणे तपासणे. (इ) या संकेतातील उणिवांचे परिणाम स्पष्ट करणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित ग्रंथ, प्रणालीच्या पुस्तिका, मानके व सुरक्षाविषयक निवेदने यांतील माहितीचा आधार घेतला आहे.

3. पूर्वपीठिका : मल्टिक्स ते युनिक्स

1960 च्या दशकात एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅबोरेटरीज यांनी मिळून ‘मल्टिक्स’ ही ऑपरेटिंग सिस्टीम हाती घेतली. आज्ञेचे वर्तन बदलणाऱ्या शब्दाच्या आरंभी संयोगचिन्ह लावण्याची रीत त्या प्रणालीत होती. तेथे हे शब्द ‘लाँग’, ‘ब्रीफ’ असे पूर्ण व अर्थवाही असत. 1969 मध्ये बेल लॅबोरेटरीजने त्या प्रकल्पातून अंग काढून घेतले आणि त्याच वर्षी केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या प्रयत्नांतून युनिक्सचा आरंभ झाला.

युनिक्समध्ये संयोगचिन्ह राहिले, पण पूर्ण शब्दाच्या जागी एकच अक्षर आले. नोव्हेंबर 1971 च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेतच ‘एलएस’ या आज्ञेला एकाक्षरी पर्याय दिलेले आढळतात. त्या काळी वापरात असलेले ‘मॉडेल 33’ हे टेलिटाइप यंत्र सेकंदाला अवघी दहा अक्षरे छापत असे. अशा यंत्रावर काम करणाऱ्यांना लघुरूपाचे आकर्षण वाटणे स्वाभाविकच होते.

1973 मध्ये युनिक्सचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेला. त्यानंतर आज्ञाही अधिकाधिक सी भाषेत लिहिल्या जाऊ लागल्या आणि पर्याय ओळखण्याची जबाबदारी प्रत्येक प्रोग्रामच्या लेखकावर येऊन पडली.

4. ग्रंथातील उदाहरण आणि व्यवहारातील विसंगती

ब्रायन कर्निघन व डेनिस रिची यांचा ‘द सी प्रोग्रामिंग लँग्वेज’ हा ग्रंथ 1978 मध्ये प्रसिद्ध झाला. पॉइंटर व ॲरे यांवरील प्रकरणात, दिलेला मजकूर असलेल्या ओळी शोधून छापणारा एक प्रोग्राम त्यात आहे. त्याला दोन पर्याय आहेत : ‘-एक्स’ दिल्यास मजकूर नसलेल्या ओळी छापल्या जातात, तर ‘-एन’ दिल्यास ओळींचे क्रमांकही छापले जातात. त्याची रचना दुहेरी आवर्तनाची आहे. बाहेरचे आवर्तन संयोगचिन्हाने सुरू होणारे शब्द एकेक करून घेते आणि आतले आवर्तन त्या शब्दातील एकेक अक्षर तपासते. यामुळे दोन पर्याय वेगवेगळे लिहिले काय किंवा एकाच चिन्हामागे जोडून लिहिले काय, परिणाम एकच होतो.

हे उदाहरण वाचून सी शिकलेल्यांची संख्या मोठी आहे. तथापि त्यातील दोन्ही पर्याय केवळ ‘असणे किंवा नसणे’ या स्वरूपाचे आहेत. ज्या पर्यायाला स्वतःचे मूल्य लागते, उदाहरणार्थ परिणाम साठविण्याच्या फाइलचे नाव, ते मूल्य अक्षराला चिकटवून लिहावे की मध्ये जागा सोडून, हा प्रश्न त्यात उद्भवतच नाही. परिणामी प्रत्येक लेखकाने आपापला मार्ग काढला.

1979 च्या सातव्या आवृत्तीपर्यंत ही विसंगती ठळक झालेली दिसते. ‘टार’ ही आज्ञा आपली अक्षरे संयोगचिन्हाविनाच स्वीकारत असे. ‘सॉर्ट’ ही आज्ञा स्तंभ दर्शविण्यासाठी अधिक आणि वजा अशी दोन्ही चिन्हे वापरी. ‘फाइंड’मध्ये एका संयोगचिन्हामागे पूर्ण शब्द येत, तर ‘डीडी’ या आज्ञेची नाव, बरोबरचिन्ह आणि मूल्य अशी रचना आयबीएमच्या जेसीएल भाषेची आठवण करून देणारी होती. एकाच प्रणालीत एवढ्या रीती नांदत असल्याने एका आज्ञेची सवय दुसरीसाठी उपयोगी पडेलच, याची खात्री नव्हती.

5. ‘गेटऑप्ट’चा उदय

या गोंधळावरचा उपाय एटीअँडटीमध्ये तयार झाला. ‘गेटऑप्ट’ हे फंक्शन किमान 1980 पासून अस्तित्वात होते. त्याची कल्पना साधी आहे. प्रोग्रामचा लेखक आपल्याला मान्य असलेल्या अक्षरांची एक मालिका फंक्शनला देतो. ज्या अक्षरापुढे अपूर्णविरामाचे चिन्ह असेल, त्या पर्यायाला मूल्य आवश्यक आहे असे समजले जाते. फंक्शन प्रत्येक वेळी एक पर्याय परत करते, अनोळखी अक्षर आल्यास प्रश्नचिन्ह परत करते आणि पर्याय संपले की तसे सांगते. केवळ दोन संयोगचिन्हांचा शब्द आल्यास त्यापुढे पर्याय नाहीत, असा अर्थ घेतला जातो.

‘गेटऑप्ट’ने आधीच्या सर्व रीती सामावून घेतल्या नाहीत. एकाक्षरी पर्याय, त्यांची जोडणी आणि चिकटवून किंवा सुटे दिलेले मूल्य, एवढेच स्वीकारले. अधिकचिन्ह, बरोबरचिन्ह आणि पूर्ण शब्द यांना त्यात स्थान नव्हते. अर्थात, हे फंक्शन जो वापरील त्याच्या प्रोग्रामला आपोआप एक शिस्त लागत असे.

1984 मध्ये कॅथलीन हेमेनवे व हेलीन आर्मिटेज यांनी युनिक्स आज्ञांच्या वाक्यरचनेसाठी मानकाचा प्रस्ताव मांडला. परंतु लिखित नियम आणि प्रत्यक्ष आचरण यांत अंतर असतेच. ते अंतर कमी केले ते एका वेगळ्या घटनेने. 1985 मध्ये डॅलस येथील युनिफोरम परिषदेत एटीअँडटीने ‘गेटऑप्ट’चा मूळ मजकूर सार्वजनिक मालकीचा म्हणून वाटला. युनिक्सचा मूळ मजकूर परवान्याविना मिळत नसे, त्या काळातील ही गोष्ट आहे. अगदी लहानसे हे फंक्शन कोणालाही आपल्या प्रोग्रामसोबत देता येऊ लागले. 1986 च्या 4.3 बीएसडी या आवृत्तीत ते समाविष्ट झाले आणि पुढे इतर प्रणालींतही पोहोचले. नियम पाळणे हे नियम मोडण्यापेक्षा कमी श्रमाचे झाले, हेच या प्रसाराचे मुख्य कारण म्हणता येईल.

6. मानकीकरण आणि त्याच्या मर्यादा

1989 च्या अमेरिकी सी मानकाने ‘मेन’ला मिळणाऱ्या दोन घटकांचे स्वरूप निश्चित केले, परंतु ‘गेटऑप्ट’ला प्रमाण ग्रंथालयात स्थान दिले नाही. सी भाषा युनिक्सबाहेरही वापरली जाते, हे येथे लक्षात घ्यावे लागते. एमएस-डॉसमध्ये पर्यायासाठी तिरकी रेघ रूढ होती आणि तेथे प्रोग्रामला सुट्या शब्दांची यादी नव्हे, तर अखंड ओळच मिळत असे. ती तोडण्याचे काम प्रोग्रामकडेच असे. अशा स्थितीत भाषेच्या मानकाने युनिक्सची रीत सर्वांवर लादणे कठीण होते. 1992 च्या पॉझिक्स.2 या मानकात मात्र ‘गेटऑप्ट’ व आज्ञांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे यांना स्थान मिळाले. ही तत्त्वे एटीअँडटीच्या पूर्वीच्या नियमांवर आधारलेली होती.

रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये घोषित केलेल्या जीएनयू प्रकल्पाने या परंपरेत दोन बदल केले. पहिला, ‘गेटऑप्ट लाँग’द्वारे पूर्ण शब्दांचे पर्याय आले. त्यांच्यासाठी आरंभी अधिकचिन्हाचाही वापर झाला. पुढे दोन संयोगचिन्हांची रीत स्थिरावली. मल्टिक्समधील अर्थवाही शब्द अशा रीतीने परतले. दुसरा, पर्याय नावांच्या नंतर आले तरी ते ओळखून पुढे घेण्याची सोय झाली. पॉझिक्सच्या तत्त्वांनुसार पर्याय आधी येणे अपेक्षित असल्याने, मानकाप्रमाणे वर्तन हवे असणाऱ्यांसाठी ‘पॉझिक्सली करेक्ट’ हा परिसर-चल ठेवण्यात आला. त्याचे आधीचे नाव ‘पॉझिक्स मी हार्डर’ असे उपरोधिक होते.

पर्याय देणे सोपे झाल्यावर ते वाढणे ओघानेच आले. रॉब पाइक यांनी 1983 मध्येच ‘कॅट’ या साध्या आज्ञेला जोडलेल्या पर्यायावर टीका करून, एका आज्ञेने एकच काम करावे या तत्त्वाची आठवण करून दिली होती.

7. न नोंदलेल्या भेदाची किंमत

आज्ञा आणि सामग्री यांतील भेद केवळ एका चिन्हावर अवलंबून ठेवल्याचा परिणाम 1994 मध्ये उघड झाला. ‘लॉगिन’ या प्रोग्रामला ‘-एफ’ हा पर्याय दिल्यास, या वापरकर्त्याची ओळख आधीच पटली आहे, असे मानून तो संकेतशब्द विचारत नसे. हा पर्याय प्रणालीच्या अंतर्गत वापरासाठी होता. दूरच्या संगणकावरून प्रवेश देणारा प्रोग्राम मात्र समोरून आलेले वापरकर्त्याचे नाव जसेच्या तसे ‘लॉगिन’कडे सोपवी. कोणी आपले नावच ‘-एफरूट’ असे कळविले, तर ‘लॉगिन’ ते नाव न समजता पर्याय समजे आणि ‘रूट’ या मुख्य प्रशासकाचे अधिकार संकेतशब्दाविना मिळत. सीईआरटी या संस्थेने एआयएक्स व काही लिनक्स प्रणालींसंबंधी याबाबत इशारा दिला. मूल्य अक्षराला चिकटवून लिहिण्याची सोयच येथे घातक ठरली, कारण त्यामुळे पर्याय व त्याचे मूल्य एकाच शब्दात मावले. तेरा वर्षांनी, फेब्रुवारी 2007 मध्ये, सोलारिस 10 च्या टेलनेट सेवेत याच स्वरूपाची त्रुटी पुन्हा आढळली.

दुसरे उदाहरण ‘पीकेएक्झेक’ या प्रोग्रामचे आहे. जानेवारी 2022 मध्ये क्वालिस या संस्थेने त्यातील त्रुटी जाहीर केली. ‘आर्गव्ही’च्या यादीत पहिला शब्द प्रोग्रामचे नाव असते, म्हणून पर्यायांची तपासणी दुसऱ्या शब्दापासून करण्याचा प्रघात आहे. यादीत किमान एक शब्द असेलच, हे त्यात गृहीत धरलेले असते. यादी पूर्णतः रिकामी ठेवून प्रोग्राम सुरू केल्यास, तपासणी यादीच्या पलीकडच्या स्मृतीत, म्हणजे परिसर-चलांच्या यादीत शिरत असे. यातून सामान्य वापरकर्त्याला प्रशासकाचे अधिकार मिळविता येत होते. ही त्रुटी 2009 पासून त्यात होती. सी मानकाप्रमाणे ‘आर्गसी’ शून्य असू शकतो. त्याने ऋण असू नये एवढीच अट आहे. या घटनेनंतर लिनक्सच्या 5.18 या आवृत्तीत रिकाम्या यादीत एक रिकामा शब्द घालण्याची व्यवस्था झाली.

दोन्ही उदाहरणांत प्रोग्रामच्या लेखकांनी रूढ रीतच पाळली होती. दोष रीतीच्या गृहीतकांत होता.

8. निष्कर्ष

1. पर्याय ओळखण्याची पद्धती ही सी भाषेच्या व्याकरणाचा भाग नसून युनिक्स परंपरेत घडलेला सामाजिक संकेत आहे.

2. या संकेताला एकरूपता देण्यात लिखित नियमांपेक्षा सार्वजनिक मालकीच्या छोट्या फंक्शनचा वाटा मोठा होता. पॉझिक्सचे मानक त्यानंतर आले.

3. पर्याय आणि सामग्री हे एकाच यादीतून जात असल्याने, बाहेरून आलेले नाव आज्ञा म्हणून वाचले जाण्याचा धोका कायम आहे. बाहेरील मजकूर दुसऱ्या प्रोग्रामला देताना, तो प्रोग्राम हा संकेत पाळत असल्यास, त्याआधी दोन संयोगचिन्हांचा शब्द देणे हा जुना, सोपा आणि पुष्कळदा विसरला जाणारा उपाय आहे.

4. सी भाषेच्या अध्यापनात ‘आर्गसी’ व ‘आर्गव्ही’ यांचा केवळ वाक्यरचनेपुरता परिचय पुरेसा नाही. ‘आर्गसी’ शून्य असू शकतो आणि नावाच्या आरंभीही संयोगचिन्ह असू शकते, या दोन गोष्टी पहिल्याच तासाला सांगितल्यास विद्यार्थी गृहीतके तपासण्याची सवय तेथूनच लावून घेतील.