‘पाहून घेजो’ म्हणजे नक्की काय? न्यूरोडायव्हर्जंट सहकाऱ्यांसोबत काम करताना बोलण्यात काय बदलावं

नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची वाडी गोदामं आणि ट्रान्सपोर्ट कंपन्यांसाठी ओळखली जाते. अशा ठिकाणी बरंचसं काम तोंडी निरोपांवर चालतं. ‘भाऊ, ते गाडीचं पाहून घेजो’ असं सुपरवायझर म्हणतो, तेव्हा त्या एका वाक्यात अनेक कामं असतात. गाडी लागली का पाहायचं, नग मोजायचे, बिल्टीशी जुळवायचे, ई-वे बिलाची मुदत तपासायची आणि काही कमी-जास्त निघालं तर फोन करायचा.

बहुतेकांना हे न सांगता कळतं. एखादा सहकारी मात्र खरंच गाडी ‘पाहून’ परत येतो. लगेच ‘याचं डोकं चालत नाही’ असा शिक्का बसतो. असे दोन-चार प्रसंग झाले की नोकरीही धोक्यात येते. पण चूक ऐकणाऱ्याची होती की सांगणाऱ्याची?

न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे कोण?

ज्यांच्या मेंदूची माहिती समजून घेण्याची, लक्ष देण्याची किंवा संवाद साधण्याची पद्धत बहुसंख्य लोकांपेक्षा वेगळी असते, त्यांना न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, एडीएचडी, डिस्लेक्सिया आणि इतर अध्ययन अक्षमता यांचा त्यात समावेश होतो. बाकीच्यांसाठी ‘न्यूरोटिपिकल’ हा शब्द वापरला जातो.

हा बुद्धिमत्तेचा शिक्का नाही आणि सगळ्यांचा अनुभवही सारखा नसतो. कोणाला सूचक बोलणं कळत नाही, कोणाला गोंगाटात शब्द पकडता येत नाहीत, कोणी लांबलचक मेसेज वाचताना अडखळतं, तर कोणाला एकामागून एक सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी दोनच लक्षात राहतात.

गैरसमज एकाच बाजूने होतो का?

‘ऑटिस्टिक माणसाला समोरच्याचं मन कळत नाही’, असं अनेक वर्षं मानलं गेलं. ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये वेगळा मुद्दा मांडला. ऑटिस्टिक व्यक्तीला इतर लोक कळत नसतील, तर इतरांनाही ती व्यक्ती कळत नसते. म्हणजे दरी दोन्ही बाजूंनी असते. या कल्पनेला ‘डबल एम्पथी’ म्हणतात.

कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हे एका प्रयोगातून तपासलं. आठ-आठ जणांच्या साखळीत एक गोष्ट कानोकानी पुढे पाठवायची होती. फक्त ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत ती बिगरऑटिस्टिक साखळीइतकीच नीट पोहोचली. मिश्र साखळीत मात्र जास्त तपशील गळाले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मिश्र गटांतही माहिती तितकीच नीट पोहोचली. दोन्ही अभ्यासांत एक गोष्ट समान आहे: ‘ऑटिस्टिक लोकांना माहिती नीट पोहोचवता येत नाही’ हा समज टिकला नाही.

कामाच्या जागी काय बदलता येईल?

- काम, वेळ आणि शेवट सांगा. ‘लवकर पाठव’ऐवजी ‘चार वाजेपर्यंत नगांची यादी ग्रुपवर टाक, टाकली की मला सांग’. काम कधी पूर्ण झालं समजायचं, हेही सांगा.
- तोंडी सांगितलेलं लिहून द्या. लोडिंगच्या आवाजात सांगितलेल्या चार गोष्टी क्रमांक घालून व्हॉट्सॲपवर पाठवा. वाचायला अवघड जाणाऱ्याला तेच व्हॉइस मेसेजमध्ये द्या.
- टोमणा मारून चूक दाखवू नका. ‘वा, फारच लवकर आलास!’ यातून काहीच कळत नाही. ‘उद्यापासून नऊला गेटवर ये’ यातून कळतं. चूक सगळ्यांसमोर न काढता बाजूला घेऊन सांगा.
- नजर आणि सुरावरून निष्कर्ष काढू नका. डोळ्यांत न बघता बोलणारा खोटं बोलत असतो असं नाही. थेट प्रश्न विचारणाराही उद्धट असतोच असं नाही.
- बदल आधी कळवा. शिफ्ट किंवा जागा बदलणार असेल, तर शक्य तितकं आधी आणि कारणासह सांगा.

जबाबदारी दुसऱ्या बाजूचीही आहे. सूचना अर्धवट वाटली तर ‘म्हणजे मी आधी मोजणी करू आणि मग बिल्टी बघू, बरोबर?’ असं विचारून खात्री करता येते. सांगणाऱ्याने या प्रश्नावर वैतागायचं नाही, एवढं मात्र पाळलं पाहिजे. एकदा ओरडा बसला की माणूस पुन्हा विचारत नाही आणि पुढची चूक तिथेच होते.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहेत. एडीएचडीचा मात्र वेगळा उल्लेख नाही. सरकारी आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्याला कामासाठी आवश्यक ते वाजवी बदल करून देणं बंधनकारक आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का ज्या गटांसाठी आहे, त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता येतात.

खासगी क्षेत्रही कायद्याबाहेर नाही. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने त्यात दिव्यांगांसाठीच्या सोयी नमूद करायच्या आणि संपर्क अधिकारी नेमायचा, असं २०१७ चे नियम सांगतात.

पण आधी सांगायलाच हवं का?

खरी अडचण इथे आहे. अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. नोकरीत मात्र ही गोष्ट सांगितली तर काम जाईल, अशी भीती असते. अनेकांचं निदानच झालेलं नसतं. त्यामुळे प्रमाणपत्र मागून मग नीट बोलायचं ठरवलं, तर ज्यांना गरज आहे त्यातले बरेच जण सुटून जातील.

म्हणून स्पष्ट सूचना ही कोणा एकासाठीची सवलत न ठेवता सगळ्यांसाठीची पद्धत करणं सोयीचं. कालच रुजू झालेल्या पोराला, परराज्यातून आलेल्या ड्रायव्हरला आणि रात्रपाळी करून थकलेल्या हमालालाही ती उपयोगी पडते. त्यासाठी पैसे लागत नाहीत. ‘पाहून घेजो’च्या पुढे नेमकं काय पाहायचं, एवढंच जोडायचं असतं.