मात्रावाचक प्रयोग (इंग्रजी–मराठी अनुवाद)

गुण किंवा क्रिया किती प्रमाणात आहे हे सांगणारी शब्दयोजना. इंग्रजीत हे काम बहुधा विशेषणाआधीचे किंवा नंतरचे सुटे अव्यय करते. मराठीत ते पुष्कळदा क्रियापदाकडे किंवा सबंध वाक्याच्या घडणीकडे जाते, म्हणून शब्दाला शब्द ठेवून केलेला अनुवाद येथे हमखास फसतो.

सर्वांत अवघड ‘टू’ (too). थकव्यामुळे चालणे अशक्य झाले, हे इंग्रजी ‘टू… टू’ (too… to) या जोडीने नकाराशिवाय सांगते. ‘तो चालण्यासाठी खूप थकला होता’ या अनुवादात चालण्याच्या हेतूने थकल्याचा भास होतो. ‘तो इतका थकला होता की त्याला चालवत नव्हते’ हे मराठी. नकार उघड होतो आणि शक्य क्रियापद येते. कपड्यांच्या बाबतीत तर अव्ययच लागत नाही. ‘सदरा मोठा आहे’ हे वर्णन, ‘सदरा मोठा होतो’ म्हणजे अंगाला नको तितका मोठा. ‘होणे’ या एका क्रियापदात ‘टू’ मावतो, आणि शब्दकोशात ‘टू’खाली हे सहसा सापडत नाही. तुलनेसाठी पाहायचे तर पोलिश भाषेत ‘टू’साठी ‘झा’ हे अव्यय विशेषणाआधी ठेवतात, त्यामुळे पोलिश अनुवादकाची वाट इथे सरळ आहे. ‘इनफ’ मराठीत ‘पुरेसा’पेक्षा ‘-इतका’ने अधिक नेमका येतो: ‘उभे राहण्याइतकी ताकद’.

प्रमाण सांगण्याचाच एक भाग असलेल्या तुलनेचा प्रश्न उज्जैनमध्ये रोजच्या बोलण्यातही उभा असतो. शिंद्यांची राजधानी १८१० मध्ये उज्जैनहून ग्वाल्हेरकडे गेली, तरी उज्जैनमधील मराठी कुटुंबे हिंदी-माळवीच्या सहवासात राहिली. हिंदीचा ‘से’ साधन, प्रस्थान आणि तुलना तिन्ही सांभाळतो. मराठीत ‘चाकूने’, ‘इंदूरहून’, ‘भावापेक्षा’ असे वेगवेगळे घ्यावे लागते. ‘हून’ मात्र ‘इंदूरहून आला’ आणि ‘भावाहून उंच’ दोन्हीकडे चालतो. पोलिशमधील ‘ओद’ हे अव्ययही ‘कडून’ आणि ‘पेक्षा’ असे दोन्ही अर्थ देते. त्या भाषेत विशेषणाला तुलनेचा प्रत्यय लागतो व श्रेष्ठत्वासाठी आधी ‘नाय’ जोडतात. मराठी विशेषण तसेच राहते. संस्कृत ‘तर’, ‘तम’ मराठीत ‘उच्चतर’, ‘उच्चतम’ अशा तत्सम शब्दांपुरतेच उरले आहेत. ‘श्रेष्ठ’ हे मुळात श्रेष्ठत्वदर्शक रूप, पण ती जाणीव पुसल्याने ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणावे लागते.

उज्जैनच्याच माधव कॉलेजात मोरो केशव दामले (१८६८–१९१३) अध्यापक होते. त्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९७० मध्ये कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी त्याची संपादित आवृत्ती काढली. संस्कृत व इंग्रजी व्याकरणांतून आलेली चौकट मराठीला कितपत बसते हे तपासून पाहण्याची दामल्यांची रीत मात्रावाचकांच्या अनुवादकाने आवर्जून गिरवावी.

‘व्हेरी’साठी ‘फार’, ‘खूप’, ‘अगदी’ आहेतच, पण रंग आणि चवीला मराठीने ठरलेले जोडीदार दिले आहेत: लालभडक, पिवळाधमक, हिरवागार, काळाकुट्ट, पांढराशुभ्र, आंबटढाण. त्यांची अदलाबदल होत नाही. उलट बाजूला सौम्य छटेसाठी ‘लालसर’, ‘काळसर’, आणि आकारासाठी ‘लहानसा’. इंग्रजी कथेतील ‘व्हेरी रेड’चे ‘खूप लाल’ व्याकरणाने बरोबर असते, तरी कुंकवाला, मिरचीला किंवा रडून सुजलेल्या डोळ्यांना मराठी लेखक तेवढ्यावर सोडत नाही: कुंकू लालभडक, मिरची लालचुटुक, डोळे लालबुंद.