वेष्टनावरचा चित्रकार : दीनानाथ दलाल

परभणी जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामाच्या छोट्या वाचनालयात ‘मृत्युंजय’ची एक जुनी प्रत आहे. तपकिरी पुठ्ठा, पाठीला कापडी पट्टी, तिच्यावर दाखल क्रमांक. तिचे मूळ वेष्टन आम्हीच काढावयास लावले. त्या काळी आम्ही या भागात नवे होतो. पुस्तके टिकावीत म्हणून दोन पोती भरून ती बांधणाऱ्याकडे धाडली. सुटलेल्या वेष्टनांचे काय करावे, असे त्याने विचारले, तेव्हा “टाकून द्या” असे आम्ही सांगून मोकळे झालो. त्या ढिगाऱ्यात दीनानाथ दलालांची किती चित्रे गेली, याचा हिशेब आज आम्हाला देता येत नाही.

दलालांचा जन्म ३० मे १९१६ रोजी गोव्यात झाला. त्याच गोव्यात बरोबर तीनशे वर्षांपूर्वी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले होते. हा निव्वळ योगायोग. परंतु त्या छपाईची एकही प्रत आज हाती नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे छापलेली वस्तू किती सहज नाहीशी होते ते कळते. मुंबईत चित्रकलेचे शिक्षण घेऊन दलालांनी तेथेच स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि १९४५ साली ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू केले. १५ जानेवारी १९७१ रोजी, वयाच्या अवघ्या चौपन्नाव्या वर्षी, ते निवर्तले.

त्यांच्या कामाची खरी अडचण आजच्या वाचकाला सांगावी लागेल. तेव्हा चित्र जसेच्या तसे छापता येत नसे. त्याचे छायाचित्र घेऊन धातूचे ठसे, म्हणजे ब्लॉक, करावे लागत. प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक आणि कागदाची यंत्रातून वेगळी फेरी. रंग वाढला की खर्च वाढला. ब्लॉक केसभर सरकला तरी ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरे. म्हणून दोन रंगांत भागवायचे, कागदाचा पांढरेपणा तिसरा रंग म्हणून वापरायचा, आणि पुस्तकाचे नावही कुंचल्यानेच अशा वळणाने लिहायचे की ते चित्राचा भाग व्हावे. चित्रशाळांतील जाणत्यांनी अशा कामाला बहुधा दुय्यम लेखले. आम्हाला ते पटत नाही. मोकळ्या कॅनव्हासवर रंगवणाऱ्याला या बेड्या ठाऊक नसतात.

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली पुण्याच्या कॉन्टिनेन्टल प्रकाशनाने काढली. तिचे मुखपृष्ठ दलालांचे. या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहाजण आपापल्या तोंडून कथा सांगतात. लेखकाला सहा मुखे वापरता आली. चित्रकाराला मिळते ते एकच पान, आणि तेही वाचकाने पहिली ओळ वाचण्यापूर्वी. म्हणजे कादंबरीचा पहिला अर्थ लावायचा तो त्यानेच.

याचे मोल मराठवाड्यात अधिक होते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभार उर्दूतून चाले. बी. रघुनाथांसारखा (१९१३–१९५३) कवी-कादंबरीकार याच परभणीत सरकारी नोकरी सांभाळून मराठीत लिहीत राहिला. मुंबईहून रुळांवरून येणारे पार्सल मनमाडला मोठ्या गाडीतून उतरवून छोट्या मीटरगेजच्या गाडीत चढवावे लागे. एवढा प्रवास करून आलेल्या पुस्तकाचे वेष्टन घरातील निरक्षर आजीही हातात घेऊन पाही. तिच्यापुरते पुस्तक तेवढेच असे.

दलालांचेच समकालीन, तेही गोव्याचे, रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) रंगाच्या फवाऱ्याने गुळगुळीत, तुकतुकीत कांती आणीत. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरील त्यांची चित्रे पुष्कळांना आठवत असतील. आमचा कल मात्र दलालांच्या रेषेकडे. ती थोडक्यात बोलते.

परवा वाचनालयाचे कपाट हलवताना खणात अंथरलेला एक कागद निघाला. कडा कुरतडलेल्या, मध्ये शाईचा डाग. एका कोपऱ्यात ‘दलाल’ ही सही. पुस्तकाचे नाव असलेला भाग फाटून गेला आहे. तो कागद आम्ही जाड पाकिटात घालून ठेवला आहे. आपल्या घरी, माळ्यावर वा ट्रंकेच्या तळाशी अशी वेष्टने असतील, तर रद्दीवाल्याला बोलावण्यापूर्वी ती एकदा उलटून पाहावीत आणि नको असल्यास आमच्याकडे द्यावीत.