‘उघड’ आणि ‘लपवून’ : अमेरिकेतील शस्त्रकायद्यांचा शब्दार्थविचार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शस्त्रधारणाचे नियमन बऱ्याच अंशी त्या त्या राज्याकडे आहे. या कायद्यांचा इतिहास पाहता असे ध्यानी येते की, शस्त्र कोणते, यापेक्षा ते कसे नेले जाते, या प्रश्नास आरंभी अधिक महत्त्व होते.

१८१३ साली केंटकी व लुइझियाना या राज्यांनी शस्त्र लपवून नेण्यास बंदी केली. केंटकीचा कायदा तेथील न्यायालयाने १८२२ साली ‘ब्लिस’ खटल्यात घटनाबाह्य ठरविला. तेव्हा १८५० च्या नव्या राज्यघटनेतच अशा बंदीचा अधिकार विधिमंडळास देण्यात आला. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८४६ साली ‘नन’ खटल्यात निराळा विवेक केला : लपवून नेण्यास बंदी ग्राह्य, उघड नेण्यास अग्राह्य. उघडपणा हे पौरुषाचे आणि लपवणूक हे मारेकऱ्याचे लक्षण, ही त्या काळची नीतिकल्पना होय.

पुढे ही कल्पना उलटली. न्यूयॉर्कने १९११ च्या सलिव्हन कायद्यान्वये लपविता येण्याजोगे पिस्तूल बाळगण्यासच परवाना आवश्यक केला. फ्लॉरिडाने १९८७ साली लपवून नेण्याचा परवाना अटी पुऱ्या करणाऱ्यास दिलाच पाहिजे असे ठरविले, आणि त्याच वर्षी उघड नेण्यास सामान्यतः बंदी घातली. ‘देता येईल’ याच्या जागी ‘दिला पाहिजे’ आले. क्रियापदाच्या एवढ्या बदलाने अधिकाऱ्याचा विवेकाधिकार संपला आणि नागरिकाचा हक्क सुरू झाला.

२०२२ साली ‘ब्रुएन’ खटल्यात संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची ‘योग्य कारण’ दाखविण्याची अट रद्द केली, आणि शस्त्रनियंत्रण ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत असले पाहिजे, असा निकष घातला. जुन्या बंद्यांबाबत न्यायालयाचे म्हणणे असे की, उघड नेण्याची मोकळीक होती म्हणूनच त्या ग्राह्य ठरल्या. अशा रीतीने इतिहासाचे वाचन हाच कायद्याचा आधार झाला.

पण ती मोकळीक कोणाची? त्याच काळी दक्षिणेतील कित्येक राज्यांत कृष्णवर्णीयांना, ते गुलाम नसले तरीही, शस्त्र बाळगण्यास बंदी किंवा परवान्याची अट होती. सबब ‘नागरिक’ हा शब्द सर्वांना कवेत घेत नव्हता. परंपरेचा दाखला देणाऱ्याने शब्दाबरोबर त्याची व्याप्तीही तपासली पाहिजे. नाहीतर एका काळचा अपवर्जक नियम दुसऱ्या काळी सर्वांची परंपरा म्हणून पुढे येतो.