निरंक

आमच्या सिंचन पाहणीच्या तक्त्यात चौथा रकाना ‘धारण क्षेत्र’ आणि सातवा ‘पैकी ओलिताखाली आलेले’. सातव्याला चौथ्याने भागायचं, शंभराने गुणायचं, आली टक्केवारी. १९८६च्या जानेवारीत असे कोरे तक्ते पिशवीत घालून मी सासवडला एसटीतून उतरले. वय चोवीस, कामाची मुदत तीन महिने, आणि पाणी पंचायत ही काय भानगड आहे याची कल्पना जेमतेम.

सासवडचा पुरंदर तालुका पर्जन्यछायेतला. कऱ्हा बहुतेक वर्षं नावालाच नदी. १९७२च्या दुष्काळात इथली माणसं खडी फोडायला गेली. ते पाहून पुण्यात कारखाना चालवणारे अभियंते विलासराव साळुंखे अस्वस्थ झाले. दुष्काळ पडला की खडी, पुन्हा पडला की पुन्हा खडी, याला अर्थ काय? नायगावात त्यांनी देवस्थानाची चाळीस एकर उताराची जमीन कराराने घेतली. वर बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, तलावाखाली विहीर खोदली आणि विहिरीचं पाणी पुन्हा उतारावर चढवलं. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान उभं राहिलं. कल्पनाताई साळुंखे या कामात बरोबरीने होत्या.

बांध आणि तलाव सरकारही करत होतं. पाणी पंचायतीचं नवल वाटपात होतं. पाणी माणशी अर्ध्या एकराला, आणि कुटुंब कितीही मोठं असलं तरी जास्तीत जास्त अडीच एकराला. योजना एकट्यादुकट्याला नाही, गटालाच. खर्चातला वीस टक्के वाटा शेतकऱ्यांनी आधी भरायचा, पन्नास टक्के सरकारी अनुदान, उरलेले तीस प्रतिष्ठान बिनव्याजी देणार. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकला जात नाही. आणि ज्याला जमीनच नाही, त्यालाही पाण्यात वाटा. पाळ्या लावायला गटाचा पगारी पाटकरी. त्याच्यापुढे पाटलाचंही चालत नसे, असं लोक हसून सांगत. मला ते पूर्ण खरं वाटलं नाही, पण सांगताना त्यांना मजा येत होती हे खरं.

आता हे आमच्या तक्त्यात बसवा. पाच माणसांचं एक घर, जमीन वीस एकर. पाणी अडीच एकराला. टक्केवारी साडेबारा. शेजारी पाचच माणसांचं दुसरं घर, जमीन तीन एकर, पाणी तेवढंच. टक्केवारी त्र्याऐंशी. दोघांचं मिळून तेवीस एकरांत पाच, म्हणजे बावीस टक्क्यांच्या आत. आमच्या मोजपट्टीने योजना नापास. हेच पाच एकरांचं पाणी एकट्या बड्याच्या रानात गेलं असतं तरी टक्केवारी तीच आली असती! पहिल्या आठवड्यात मी हे तक्ते इमानदारीने भरले आणि कमी आकडे बघून विलासरावांची मनातल्या मनात कीवही केली. दुसऱ्या आठवड्यात एका आजींनी माझी विकेट काढली.

आजी कांद्याच्या वाफ्यात बसून खुरपत होत्या. मी नेहमीप्रमाणे विचारलं, “आजी, जमीन किती?”

“जमीन न्हाई.”

“मग हे रान?”

“वाट्यानं केलंय.”

“आणि पाणी? पाणी रानमालकाचं ना?”

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. “पानी आमचं. चौघं हाये आमी घरात.”

एवढं बोलून त्या पुन्हा खुरपायला लागल्या. चौघं, म्हणजे दोन एकरांचं पाणी. त्यांनी वापरलं होतं एकराला. मी सातव्या रकान्यात एक लिहिला, चौथ्यात शून्य, आणि पेन तसंच धरून बांधावर बसले. शून्याने भागायचं कसं?

फार गोड चित्र रंगवायचं नाही. मी फिरले त्या गावांत असे भूमिहीन बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. वीस टक्के वाटा भरायचा म्हणजे आधी हातात पैसा लागतो, आणि दुसऱ्याचं रान वाट्याने मिळावं लागतं. शिवाय उपसा म्हटला की वीज आली, मोटर आली, थकलेलं बिल आलं. काही योजना पुढे त्यातच बंद पडल्या. विलासराव २००२ साली गेले. २००५ साली राज्यात शेतकऱ्यांकडे सिंचनाचं व्यवस्थापन सोपवणारा कायदा झाला, पाणी वापर संस्थांना बळ आलं, पण तिथं सभासद व्हायला लाभक्षेत्रात जमीन लागते. सातबारा हवा.

आजींचा तक्ता मी समासात पेन्सिलीने टीप लिहून पाठवला होता: ‘माणसे ४, हक्क २ एकर.’ महिन्याभराने संकलनाच्या टेबलावर तो पुन्हा हाती आला. टीप रबराने खोडलेली होती. चौथ्या रकान्यातल्या माझ्या शून्यावर आणि सातव्यातल्या एकावर एकच लांब आडवी रेघ ओढलेली, आणि रेघेवर लाल शाईत, मोत्यासारख्या अक्षरात, लिहिलं होतं: निरंक.