ओहमचा नियम, खोपोलीचे पाणी आणि धारूरची जळालेली मोटार

आजचा धागा किल्ल्यांवर नाही. धारूरचा आहे म्हटल्यावर अनेकांना किश्वरखान आणि मुर्तझा निजामशहाने दिलेले ‘फतेहाबाद’ हे नाव आठवेल. त्यावर पुन्हा कधी. आज दोन छोट्या सूत्रांचा इतिहास सांगायचा आहे. दहावीच्या पुस्तकात आपण ती पाठ करून विसरलो. महाराष्ट्राच्या विसाव्या शतकाने मात्र ती विसरू दिली नाहीत.

पहिले सूत्र: विद्युतदाबाला (व्होल्टेजला) प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दुसरे: दाब गुणिले प्रवाह म्हणजे शक्ती. २३० व्होल्टवर चालणारा ६० वॅटचा जुना पिवळा दिवा घ्या. ६० भागिले २३०, म्हणजे सुमारे ०.२६ अँपिअर प्रवाह. आता २३० ला ०.२६ ने भागा. पेटलेल्या तारेचा रोध साधारण ८८० ओहम निघतो. (विझलेल्या दिव्यात तो याच्या दशांशाच्या आसपास असतो, कारण तापलेला धातू अधिक अडवतो.)

पहिले सूत्र जर्मनीतील एर्लांगेनच्या कुलूपकाराचा मुलगा गेओर्ग ओहम याने १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. मायदेशात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही; १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले. त्याच सुमारास जेम्स जूलने दाखवले की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. ‘वर्ग’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे.

समजा, १०,००० वॅट शक्ती दूर न्यायची आहे आणि तारेचा रोध २ ओहम आहे. २०० व्होल्टवर पाठवली तर प्रवाह ५० अँपिअर. ५० चा वर्ग २,५००, गुणिले २, म्हणजे ५,००० वॅट वाटेतच उष्णता होऊन गेले. निम्मी वीज! तीच शक्ती २,००० व्होल्टवर पाठवा. प्रवाह ५ अँपिअर, नुकसान केवळ ५० वॅट. दाब दहापट केला की नुकसान शंभरपट घटते.

हे गणित सह्याद्रीत उतरले ते टाटांच्या खोपोली प्रकल्पात. लोणावळ्याच्या परिसरात अडवलेले पावसाचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीत कोसळवायचे, त्यावर जनित्रे फिरवायची आणि वीज सत्तरेक किलोमीटरवरील मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी ती योजना. कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली, वीज १९१५ मध्ये मुंबईला पोहोचली. तारांवरचा दाब होता सुमारे १ लाख व्होल्ट. घरगुती दाबावर हीच वीज पाठवायची म्हटली असती तर पनवेलच्या अलीकडेच तिची राख झाली असती.

माझ्या मते येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून विचार करायला हवा. उच्च दाबाने अंतर स्वस्त केले. जोवर वीज दूर नेता येत नव्हती, तोवर मावळातल्या पाण्याशी मुंबईच्या गिरणीला काही कर्तव्य नव्हते. ते अंतर मिटले आणि मुळशीच्या शेतकऱ्याची भातखाचरे गिरणीच्या हिशेबात आली. १९२१ मध्ये सुरू झालेला, सेनापती बापटांच्या नावाने ओळखला जाणारा मुळशी सत्याग्रह आपण धरणविरोधी लढा म्हणून वाचतो. तो या सूत्राच्या परिणामांविरुद्धचाही लढा होता. वीज शहरात उजळली आणि जमीन खेड्यात बुडाली.

रेल्वेची गोष्ट थोडक्यात. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची गाडी धावली, १,५०० व्होल्टवर. ३० लाख वॅट खेचणाऱ्या गाडीला त्या दाबावर २,००० अँपिअर लागतात. २५,००० व्होल्टवर केवळ १२०. मुंबईच्या उपनगरी मार्गांनी या शतकात २५,००० ची कास धरली त्यामागे हे एक मोठे कारण होते.

आता धारूर. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. खोपोलीच्या तारा इकडे वळण्याचा प्रश्नच नव्हता. धारूरच्या पूर्वेला पंचेचाळीसेक किलोमीटरवर परळीचे औष्णिक केंद्र सुरू झाले ते १९७१ मध्ये. पण वीजकेंद्र जवळ असणे आणि विहिरीवर पुरेसा दाब मिळणे या अगदी भिन्न गोष्टी आहेत.

बालाघाटच्या उतारावरच्या एखाद्या रोहित्राची कल्पना करा. (गावात त्याला कोणी रोहित्र म्हणत नाही, डीपी म्हणतात.) तेथून निघालेल्या लांब तारेचा रोध २ ओहम धरू. टोकाला एक पंप ७ अँपिअर घेत असेल तर तारेत १४ व्होल्ट खर्ची पडतात. रात्री लाइट आल्याबरोबर पाच पंप सुरू झाले की ३५ अँपिअर, आणि ७० व्होल्ट वाटेतच संपतात. तीन फेजचे बारकावे येथे बाजूला ठेवतो, पण तत्त्व हेच.

दाब घटला की दिवा नुसता मंद होतो. मोटारीचे तसे नाही. विहिरीतल्या पाण्याचे ओझे तेवढेच राहते, म्हणून ती कमी दाबावर अधिक प्रवाह ओढते. प्रवाह दीडपट झाला की वेटोळ्यातील उष्णता सव्वादोनपट होते. जूलचा ‘वर्ग’ येथे शेतकऱ्याला गाठतो. शिवाय वाढलेला प्रवाह तारेतला दाब आणखी पाडतो, म्हणजे शेजारच्या मोटारीचाही घास. मग वाइंडिंगचा खर्च येतो, आणि दुरुस्ती होईतो उसाचे पाणी चुकते.

२०१८ पासून महावितरणने शेतीपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली आणली. तिच्यात ११,००० व्होल्टची तार शेतापर्यंत नेऊन एकदोन पंपांपुरते छोटे रोहित्र बसवतात. ४०० ऐवजी ११,००० व्होल्ट, म्हणजे तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह साडेसत्तावीसपट कमी आणि त्याच तारेतले नुकसान साडेसातशेपटींहून कमी. १९१५ मध्ये गिरणीसाठी केलेला हिशेब विहिरीपर्यंत यायला शंभराहून अधिक वर्षे लागली.